गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुद्दाम बंद करून घेताना

माझा स्वभाव बदललाय, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं. "हल्ली तुझ्याशी बोलायची सोय राहिली नाही," असं नवरा म्हणायचा, आणि सासूबाई समजुतीने सांगायच्या, "चाळिशी ओलांडली की होतं गं असं, मलाही झालं होतं." भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी रडत होते, मुलाने कंपासपेटी जागेवर ठेवली नाही म्हणून अर्धा तास ओरडत होते, आणि रात्री कूस बदलत पडून राहत होते.

पण मला आणखीही बरंच काही होत होतं. नुसतं बसलं तरी छाती धडधडायची. ऐन डिसेंबरात मी पंखा फुल करून झोपायचे आणि पहाटे उशी घामाने भिजलेली असायची. दोन पोळ्यांच्या जागी चार खाऊनही वजन उतरत चाललं होतं, सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले. शाळेतल्या बायका विचारायच्या, "कसलं डाएट करतेस, आम्हालाही सांग." मी कराडजवळच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. फळ्यावर वर्तुळ काढताना खडू थरथरायला लागला, तेव्हा पहिल्यांदा धास्ती वाटली. एका मुंजीत पंगतीला खाली बसले आणि उठताना मांड्यांत जोरच नाही, शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. त्या सुमारास पाळी अनियमित झाली होती आणि दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागत होतं. ही सगळी एकाच दुखण्याची अंगं असतील, हे सुचायला कुणीतरी ती एकत्र मांडून बघावी लागतात.

पहिल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. ठोके जलद आहेत, बाकी काही नाही, टेन्शन घेऊ नका, असं सांगून मन शांत करणारी गोळी लिहून दिली. मुलाचं दहावीचं वर्ष, शाळेचं काम, पाळी जायला आलेलं वय, अशी कारणं समोर तयारच असतात, आणि बाईच्या बाबतीत ती जरा जास्तच तयार असतात. याचा मला अजूनही राग येतो. रक्ताची एक साधी तपासणी तेव्हाच झाली असती तर पुढचे काही महिने वाचले असते.

ती तपासणी दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवली. तरुण होत्या, गडबडीत दिसत नव्हत्या. "हात समोर करा, बोटं फाकवा," म्हणाल्या आणि माझ्या बोटांवर प्रिस्क्रिप्शनचा एक कोरा कागद आडवा ठेवला. पंखा बंद होता. तरी कागदाची कड एकसारखी थरथरत होती. मी हात घट्ट धरायचा प्रयत्न केला तशी ती आणखीच थरथरली. मग त्यांनी घोटभर पाणी प्यायला लावून गळा नीट पाहिला. गळ्याच्या पुढच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला, तेव्हा मला नवल वाटलं, कारण तिथे कुणी ठेवलेला मी पाहिला नव्हता. ग्रंथी फार जोरात काम करत असेल तर तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू येतो, हे त्यांनी नंतर सांगितलं. शेवटी बोट वरून खाली नेत डोळ्यांनी त्याचा माग घ्यायला सांगितलं. बुबुळं खाली जात होती आणि वरची पापणी मागे रेंगाळत होती. "उद्या उपाशीपोटी यायची गरज नाही," त्या म्हणाल्या, "आत्ताच रक्त द्या."

रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, ०.००५ पेक्षा कमी होतं. ते साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवं. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवते ते संप्रेरक, वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड कमी, असं मला वाटलं होतं आणि पुष्कळांना तसंच वाटतं. होतं उलटं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच सोडते आणि गळ्यातल्या ग्रंथीला काम करायला लावते. रक्तात टी-३, टी-४ ही या ग्रंथीची संप्रेरकं पुरेशी झाली की पीयूषिका हात आखडता घेते. टाकी भरली की आपण मोटरचं बटण बंद करतो, तसं. माझ्या शरीराने बटण केव्हाच बंद केलं होतं, पण कुणीतरी थेट खांबावर आकडा टाकून मोटर चालू ठेवली होती. हा आकडा म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रतिपिंडं. ग्रंथीवर टीएसएच जिथे चिकटतं तिथेच ती जाऊन चिकटतात आणि तिला दिवसरात्र राबवून घेतात. रक्तात ती मोजताही येतात. माझ्या रक्तात ती भरपूर सापडली. आजाराचं नाव ग्रेव्ह्ज. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

उपचार सुरू करण्याआधी स्कॅन झाला. ग्रंथीला सूज येऊनही साठलेलं संप्रेरक रक्तात सांडू शकतं, तेव्हाही रिपोर्ट असाच येतो, आणि तो आजार बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. त्याला ग्रंथीला आवर घालणारी औषधं द्यायची नसतात. म्हणून हातातल्या शिरेत टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देऊन वीसेक मिनिटांनी कॅमेऱ्याखाली झोपवलं. सूज असती तर गळ्याची जागा फिकट दिसली असती. माझ्या ग्रंथीचे दोन्ही भाग पडद्यावर गडद, भरगच्च दिसत होते.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. केस गळतात म्हणून मी तेव्हा बायोटिनच्या गोळ्या घेत होते, मैत्रिणीने दिल्या होत्या. रक्त पुन्हा तपासायच्या आधी डॉक्टरांनी त्या बंद करायला सांगितल्या. काही प्रयोगशाळांच्या तपासणीची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते, आणि रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे नसलेला ग्रेव्ह्ज कागदावर दिसू शकतो. केसांसाठी अशा गोळ्या घेणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला कितीतरी आहेत. थायरॉइडची तपासणी करायची असेल तर निदान दोन-तीन दिवस आधी त्या थांबवा आणि डॉक्टरांना त्याबद्दल सांगा.

"थायरॉइड झालाय" ही बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. कोबी-फ्लॉवर सोड, भात बंद कर, चालायला जा, वजन वाढेल. हे सगळं मंदावलेल्या थायरॉइडवाल्यांचं ऐकीव शहाणपण होतं आणि माझी तऱ्हा नेमकी उलटी होती. भरभर चालायला तर तेव्हा मला मनाई होती, कारण बसल्या बसल्याच नाडी ११० च्या वर जात होती. मीठ बदलून सैंधव घ्यायचा सल्लाही आला. डॉक्टरांनी घरच्या आयोडीनयुक्त मिठाला हरकत घेतली नाही.

कार्बिमॅझोल सुरू झालं, दिवसाला ३० मिलिग्रॅम, आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. दुसऱ्या गोळीआधी "दमा आहे का?" हे दोनदा विचारलं, कारण दम्याच्या रुग्णाला ती चालत नाही. प्रोप्रॅनोलॉलने हाताची थरथर दोन दिवसांत कमी झाली. कार्बिमॅझोलला मात्र वेळ लागतो. ते नवीन संप्रेरक तयार होऊ देत नाही, पण ग्रंथीत आधीच कित्येक आठवड्यांचा साठा असतो आणि तो संपेपर्यंत वाट पाहावी लागते. महिना होत आला तेव्हा एका सकाळी मला अंगावर चादर घ्यावीशी वाटली. त्या दिवशी शाळेत कुणावर आवाज चढला नाही, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या ते लक्षात आलं.

या गोळीची एक सूचना मी कागदावर लिहून फ्रिजला लावली होती: ताप किंवा घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. फार क्वचित, हजारात एक ते पाच जणांना, या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरतात आणि मग साधा घशाचा संसर्गही जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात माझा घसा धरला तेव्हा भरपावसात लॅब गाठली. पेशी ठीक होत्या, गोळी पुन्हा सुरू झाली. कार्बिमॅझोल घेणाऱ्या कितीतरी जणांना ही सूचना कुणी दिलेलीच नसते, असं मला ओपीडीच्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. ही गोष्ट लिहून द्यायला एक मिनिट लागतं.

मात्रा हळूहळू उतरत गेली. दीड वर्षाने गोळ्या थांबवल्या. यानंतर साधारण निम्म्या लोकांचा आजार उलटतो, हे आधीच सांगितलेलं होतं. माझा काही महिन्यांतच उलटला, आणि या वेळी धडधड सुरू होताच मला ती ओळखू आली.

आता तीन वाटा होत्या. कमी मात्रेत गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या, ऑपरेशन करून ग्रंथी काढायची, किंवा किरणोत्सारी आयोडीन प्यायचं. पहिल्या वाटेत पेशींची धास्ती कायम राहणार होती. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या चार बारक्या ग्रंथींना इजा होण्याची थोडी भीती असते. माझं तर पोट आवाजावर चालतं. तिसऱ्या वाटेचं नाव काढताच घरात सन्नाटा पसरला. "म्हणजे कॅन्सरसारखं?" सासूबाईंनी विचारलं. दिरांनी इंटरनेटवर काय काय वाचून काढलं.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा मला ते समजून घ्यायचं होतं. शरीरातलं आयोडीन जवळजवळ सगळं एकाच ग्रंथीला लागतं, बाकी अवयवांना त्याची फारशी गरज नसते. म्हणून आयोडीन-१३१, म्हणजे हे किरणोत्सारी आयोडीन, प्यायलं की ते स्वतःच ग्रंथीपर्यंत पोहोचतं आणि तिथे त्याचे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जाऊन आजूबाजूच्या पेशी निकामी करतात. उरलेलं मुख्यतः लघवीवाटे निघून जातं. बॉस्टनला सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये ग्रेव्ह्जच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा दिलं. आपल्याकडे अणुऊर्जा खात्याने १९६३ साली मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं, आणि हे आयोडीन ट्रॉम्ब्याच्या अणुभट्टीत टेल्युरियमपासून तयार होतं. धोका शून्य आहे, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. एवढ्या मात्रेत तो फार कमी मानला जातो, असं म्हणाल्या. मला हे उत्तर "काही होत नाही हो" या उत्तरापेक्षा जास्त विश्वासाचं वाटलं.

एक गोष्ट त्यांनी अगदी स्पष्ट केली. ग्रंथी बहुधा कायमची बंद पडेल, मग आयुष्यभर रोज थायरॉक्सिनची, म्हणजे टी-४ चीच, गोळी घ्यावी लागेल, आणि हा उपचाराचा दुष्परिणाम समजू नका, तो जवळपास ठरलेलाच शेवट आहे. यावर मी बरेच दिवस विचार केला. चालू असलेला एक अवयव आपण होऊन मारायचा, हे मनाला पटायला जड जातं. पण एका बाजूला हृदयाचे ठोके बिघडवणारा, हाडं झिजवणारा, केव्हाही उलटणारा आजार होता आणि दुसऱ्या बाजूला रोजची एक स्वस्त गोळी. मी गोळी निवडली.

त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांमागचे स्नायू सुजू शकतात आणि रेडिओआयोडीनने (किरणोत्सारी आयोडीनने) तो त्रास बळावू शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर बराच. माझा त्रास सौम्य होता, डोळे खुपायचे आणि वारा सहन व्हायचा नाही. खबरदारी म्हणून काही आठवडे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची छोटी मात्रा दिली. कार्बिमॅझोल काही दिवस आधी बंद केलं. कॉन्ट्रास्टचा (आयोडीनयुक्त द्रव्य टोचून केलेला) सीटी स्कॅन आणि आयोडीन असलेली खोकल्याची औषधं टाळायला सांगितली, कारण ग्रंथीचं पोट आधीच साध्या आयोडीनने भरलं तर ती हे घेणार नाही. गरोदर नसल्याची चाचणी झाली, आणि पुढचे सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत हेही लिहून घेतलं.

तारीख ठरली की ती पाळायचीच, असं मुंबईच्या रुग्णालयाने बजावलं होतं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, रोज आठ टक्क्यांच्या वर घटतं. माझ्या नावाने मागवलेली मात्रा माझ्यासाठी थांबणार नव्हती. पिवळ्या पाटीवर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेल्या दारातून आत गेले. टेबलावर शिशाचं जाड भांडं, त्याच्या पोटात बोटभर काचेची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉ. हातमोजे घातलेल्या तंत्रज्ञाने सांगितलं, "बाटली उचलायची नाही ताई, वाकून स्ट्रॉने ओढा." रंग नाही, वास नाही, चव साध्या पाण्यासारखी. त्यांनी बाटलीत पाणी घालून ती विसळली आणि तेही मला प्यायला लावलं, म्हणजे थेंबही मागे राहू नये. मग एक मीटरवर उभं राहून मोजयंत्र माझ्याकडे धरलं आणि आकडा वहीत लिहिला. माझी मात्रा १० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) होती. आपल्या नियमांप्रमाणे ३० मिलिक्युरीपर्यंत दवाखान्यात राहावं लागत नाही, म्हणून दुपारी सुट्टी मिळाली.

एसटीने किंवा रेल्वेने कुणाला खेटून एवढा लांब प्रवास करायचा नव्हता. नवरा गाडी घेऊन आला होता. मी मागच्या सीटवर त्याच्या तिरक्या कोपऱ्यात बसले. पाणी पीत राहायचं होतं, त्यामुळे कराड येईपर्यंत बरेच थांबे झाले. विमानतळावर जायचं असेल तर दवाखान्याचं पत्र जवळ ठेवा, असंही सांगितलं होतं, कारण तिथली यंत्रं पुढे कित्येक आठवडे वाजू शकतात.

खरा पेच घरी होता. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यापासून सगळ्यात जास्त दिवस लांब राहायचं असतं, कारण बाळाची ग्रंथीसुद्धा आयोडीन ओढते. तिने माहेरी जायचं ठरलं, तर नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की थोरलीला काहीतरी लागण आहे. मी डॉक्टरांकडून सूचना मराठीत लिहून आणल्या होत्या, त्या सासूबाईंना वाचून दाखवल्या. हे संसर्गाने पसरत नाही, दिवसागणिक आपोआप कमी होतं, अंतर ठेवलं की पुरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी फोनवर सगळ्यांना स्वतः समजावलं. जावेचा रोज रात्री फोन यायचा, "ताई, आज निम्मं झालं का?" मी तिला आठ-आठ दिवसांचा हिशोब सांगायचे.

माझी खोली वेगळी, अंथरूण वेगळं, ताट-वाटी वेगळी धुवायची, संडासात दोनदा फ्लश करायचा, काही दिवस दुसऱ्यांसाठी कणीक मळायची नाही. मुलगा दारात उभा राहून गप्पा मारायचा. गळा थोडा दुखला. दुसऱ्या आठवड्यात धडधड वाढली, कारण मरणाऱ्या पेशींतला साठा रक्तात उतरतो. प्रोप्रॅनोलॉल चालूच होतं, ते कामी आलं.

त्यानंतरच्या काळाविषयी मला जास्त सांगायचंय, कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दीड-दोन महिन्यांनी मला भरदुपारी झोप येऊ लागली, पाय जड झाले, चेहरा सुजला, मार्चमध्ये शाल लागायला लागली. गावातल्या एका दवाखान्यात फक्त टीएसएच केलं. ते अजूनही कमीच होतं, म्हणून "तुमचा थायरॉइड अजून जास्त आहे" असं सांगून कार्बिमॅझोल पुन्हा सुरू करायला सांगितलं. मला ते अंगाच्या लक्षणांशी जुळेना. गोळी न घेता मी आधी माझ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फ्री टी-४ करायला लावलं. ते खालच्या मर्यादेच्याही खूप खाली होतं. पीयूषिका इतके महिने दबलेली असते की टी-४ कोसळल्यावरही तिला जाग यायला आठवडे लागतात. त्या काळात एकट्या टीएसएचवर विसंबून चालत नाही. रेडिओआयोडीन घेतलेल्या प्रत्येकाने पहिले काही महिने टीएसएचबरोबर टी-४ मागून घ्यावं. कार्बिमॅझोल घेतलं असतं तर मी आणखी गर्तेत गेले असते.

थायरॉक्सिन सुरू झालं. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, माझी शेवटी १०० वर स्थिरावली. या संप्रेरकाचं रक्तातलं अर्धआयुष्य सात दिवसांचं आहे, म्हणून मात्रा बदलली की सहा आठवड्यांनीच तपासायची. आधी तपासून काही कळत नाही आणि उगीच मात्रा वरखाली होते. सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घेते, चहा त्यानंतर पाऊण तासाने. कॅल्शियम रात्री. लोह किंवा कॅल्शियम आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर गोळी अंगात नीट शोषली जात नाही. चहा लांबवण्याचं पथ्य सगळ्यात अवघड गेलं, ते मात्र सासूबाईंनी सोपं केलं. माझी गोळी झाली की त्याही माझ्यासाठी थांबतात.

जावेला मुलगी झाली. जन्मानंतर तिच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासलं, ते ठीक होतं. ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी, कारण जन्मतः ग्रंथी काम करत नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालं तरच मेंदूची वाढ नीट होते. आणि ग्रेव्ह्ज झालेल्या तरुण मुलींसाठी: ग्रंथी बंद केली, रिपोर्ट छान आले, तरी प्रतिपिंडं रक्तात राहू शकतात आणि वारेतून बाळापर्यंत जातात. दिवस राहिले तर हा जुना इतिहास डॉक्टरांना सांगून ती मोजून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीलाही मी तपासायला लावलं, कारण हे आजार घराण्यात फिरतात. तिचं टीएसएच ७.८ निघालं आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली, पण वेगळ्या जातीची. तिची ग्रंथी हळूहळू मंदावतेय. तिला अजून काही त्रास नाही, टी-४ ठीक आहे, म्हणून गोळी सुरू केलेली नाही. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघी एकाच दिवशी रक्त देऊन येतो.